दामोधरजींची आपत्ती

दामोधरजींना मुतखडा झाला नाही, तिथून सुरुवात करतो.

झाला तो आमच्या गल्लीतल्या बळीरामजींना. त्यांना पांढुर्ण्याहून नागपूरला नेलं, ऑपरेशन झालं, आणि परत येताना बळीरामजींनी तो खडा औषधाच्या बाटलीत घालून सोबत आणला. हरभऱ्याएवढा असेल. पण बाटली त्यांनी पुढच्या खोलीत रेडिओवर मांडली, आणि आठ दिवस गल्लीतली माणसं बघायला जात होती. चहा व्हायचा, बाटली हातोहात फिरायची. दामोधरजी दोनदा जाऊन आले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या कमरेत कळ निघाली. चौथ्या दिवशी ते पॅसेंजरने नागपूरला गेले आणि पोटाचा फोटो काढून संध्याकाळी परतले. स्टेशनवर मला दिसले ते पडलेल्या चेहऱ्याने.

"काय निघालं, दामोधरजी?"

"काई नाई निघालं. बिलकुल साफ हाय म्हणते डाक्टर." दहा पावलं गेल्यावर ते थांबले. "त्या बळ्याच्या पोटात एवढा निंगते, अन् आमच्या पोटात काईच नाई. आमचं नशीबच तसं, बाप्पा."

मी त्या काळात सौसरच्या तहसील कचेरीसमोर, कडुनिंबाखाली टाइपरायटर मांडून बसायचो. रोज सकाळी पांढुर्ण्याहून बसने जायचो, संध्याकाळी यायचो. आमच्याकडचे लोक बोलतात मराठी, पण राज्य मध्य प्रदेशचं, म्हणून कचेरी वाचते हिंदी. लोक माझ्यासमोर मराठीत रडायचे आणि मी हिंदीत टाइप करायचो. त्यामुळे हेवा या विषयात माझा अभ्यास बरा आहे. भावाला भावाचा, जावेला जावेचा, लोधीखेड्याच्या सरपंचाला रामाकोन्याच्या सरपंचाचा, असे सगळे हेवे माझ्या बोटांखालून गेले. पण त्या सगळ्यांत काही ना काही मतलब असायचा. कोणाला बांध हवा, कोणाला विहीर. दामोधरजींना काहीच नको असायचं. ते फक्त दुसऱ्याकडे नसावं, एवढंच. इतका निर्मळ हेवा मी दुसरा पाहिला नाही, आणि खरं सांगतो, मला त्या हेव्याचाच हेवा वाटायचा.

साठीला आलेला किडकिडीत माणूस. मान अशी लांब, की देवाने ती शेजारच्या अंगणाच्या मापानेच घडवली असावी. तिगावच्या वाटेवर संत्र्याची लहानशी बाग होती. हातात बारा महिने छत्री. ती पावसासाठी नव्हती, मापण्यासाठी होती. कोणी नवा दरवाजा बसवला, की दामोधरजी सहज गेल्यासारखं करून चौकटीला छत्री लावून बघायचे. कोणाच्या बागेत संत्र्याचं झाड वाढलं, की बुंध्याशी छत्री. आणि हे सगळं करताना तोंडात एकच वाक्य असायचं, "आमाले काय करा लागते!" हे वाक्य ऐकलं, की आम्ही सावध व्हायचो. पुढे काहीतरी येणार.

"आमाले काय करा लागते, पण त्याच्या पोरीले लुना काहून घेऊन देल्ली असन?"

"आमाले काय करा लागते, पण त्या मास्तरच्या घरी टीव्ही रंगीत हाय म्हणते. बातम्या तं त्याच."

रामाकोन्याला एका मोठ्या शेतकऱ्याच्या मयतीला आम्ही सोबत गेलो होतो. गर्दी खूप होती. येताना दामोधरजी बसमध्ये बोटांवर काहीतरी मोजत होते. घरी पोचल्यावर ओट्यावर बसले आणि बायकोला म्हणाले, "चारशे तरी लोक असन. म्या गेल्यावर येईन का गं एवढे?"

सुभद्राकाकू मिरच्यांचे देठ मोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जाऊन तं पाहा तुमी. मंग मोजू."

काकूंचं आणि त्यांचं असंच चालायचं. सकाळचा चहा ओट्यावर, आणि चहावरून भांडण रोजचं. यांना कप भरून हवा, त्या अर्धा देणार. हे ओरडणार, त्या आपल्या कपातला बशीत ओतून यांच्यापुढे सरकवणार. गल्लीला घड्याळ लागत नसे.

घड्याळ म्हटलं आणि कोठी आली.

दामोधरजींच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे मोठी कोठी होती. कापसातली सरकी काढायचा जिन चालवणाऱ्या एका श्रीमंत माणसाने जुन्या काळी बांधलेली. दुमजली, सागवानी खांबांची. वरच्या मजल्याला नक्षीचा सज्जा, सज्ज्यामागच्या दारांच्या डोक्यावर लाल-हिरवी काच, आणि गच्चीच्या मधोमध एक घड्याळाचा मनोरा. घड्याळ सव्वानऊला थांबलेलं. दुपार कलली की उन्हाची तिरीप त्या रंगीत काचांमधून आरपार यायची आणि लाल-हिरवे पट्टे थेट दामोधरजींच्या ओट्यावर पडायचे. गल्लीतली पोरं त्यात हात धरून नाचायची. दामोधरजी मात्र उठून आपली खाट सावलीत ओढायचे.

"त्याहिचा उजेड आमाले नाई पायजे."

जन्मापासून समोर राहूनही दामोधरजी कोठीत कधी पाय ठेवत नव्हते. सत्यनारायण, लग्न, बारसं, कशालाही नाही. काकू जायच्या, प्रसाद आणायच्या. तोही ते बाहेरच्या गायीला द्यायचे.

मग एक दिवस भोपाळहून एका सरकारी खात्याची माणसं आली. त्यांनी टेप लावून कोठी मोजली, फोटो काढले, आणि दोन-तीन महिन्यांनी दरवाजाशेजारी एक निळी पाटी ठोकली गेली. पांढऱ्या अक्षरात, 'संरक्षित भवन'. कोठी सरकारच्या जुन्या, जपायच्या इमारतींच्या यादीत गेली होती. आता तिची एक वीटही विचारल्याशिवाय काढता येणार नव्हती.

दुसऱ्या सकाळी दामोधरजी माझ्या कडुनिंबाखाली हजर.

"आमाले काय करा लागते," ते म्हणाले, "पण एक अर्ज टाइप. आमच्या घराले बी एक पाटी लागते म्हणा."

"अहो, तुमचं घर किती वर्षांचं?"

"माह्यापेक्षा मोठं हाय ते. अजून किती पायजे?"

मी अर्ज केला. उत्तर आलं नाही. तेव्हा दामोधरजींनी एका पेंटरला गाठून टिनावर तशीच निळी पाटी करून घेतली. पेंटरने विचारलं, काय लिहू? "त्याहिच्यावर जे हाय तेच लिही. फक्त अक्षरं मोठी काढ." पंधरा दिवस आमच्या गल्लीत समोरासमोर दोन संरक्षित भवनं होती. मग नगरपालिकेच्या माणसाने येऊन ती पाटी काढायला लावली. काकूंनी ती पाण्याच्या ड्रमवर झाकण म्हणून ठेवली. अक्षरांची बाजू वर.

ह्यानंतर दोन-तीन वर्षांनी कोठी विकायची ठरली.

कोठीवाल्या बाईसाहेब वारल्या होत्या. त्यांचा मुलगा श्रीकांत इंदूरला नोकरीला. त्याला एवढं मोठं घर सांभाळायचं नव्हतं. नागपूरच्या एका शेठने ते घ्यायचं कबूल केलं, पण घर म्हणून नाही, जागा म्हणून. कोठी पाडायची आणि तिथे कॉम्प्लेक्स उभं करायचं. खाली दुकानं, वर लॉज. अडचण एकच होती, ती निळी पाटी. कोठी यादीतून काढल्याशिवाय शेठ सौदा करणार नव्हता. श्रीकांतने तसा अर्ज दिला. शेजाऱ्यांनी गडबड करू नये म्हणून शेठ घराघरात गोड बोलून गेला, आणि दामोधरजींना त्याने सांगितलं, "काका, कॉम्प्लेक्समधलं कोपऱ्याचं दुकान तुमच्या रमेशला."

रमेश हा दामोधरजींचा मुलगा. बसस्टँडवर एका पानठेल्याच्या आडोशाला बसून रेडिओ दुरुस्त करायचा. लग्नाला आलेला, आणि दुकान नाही म्हणून दोन ठिकाणांहून नकार आलेला. आता कोपऱ्याचं दुकान, तेही कोठीच्या मढ्यावर! दामोधरजी त्या दिवसांत जमिनीवरून चालत नव्हते. "पडलेलं पाहीन अन् मंग मरीन," असं जो भेटेल त्याला सांगायचे.

मग कोठीच्या दारावर सरकारी नोटीस लागली. हिंदीत. तिचा मतलब असा, की हे भवन यादीतून काढण्याबाबत कोणाला 'आपत्ति' असेल, तर त्याने पंधरा दिवसांत लेखी द्यावी.

दामोधरजींनी ती अक्षरावर बोट ठेवून तीनदा वाचली, आणि पहिल्या बसने सौसरला आले.

"टाइप," ते म्हणाले. "सरकारनं इचारलं हाय. ह्या कोठीपायी कोणाले आपत्ती असन तं लिहून द्या म्हणते. एवढ्या वर्षांत पयल्यांदा कोणी इचारलं, बाप्पा."

इथे मराठी माणसाला सांगायला नको, की आपत्ती म्हणजे संकट. आणि हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. सरकार विचारत होतं, पाडायला कोणाची हरकत आहे का? दामोधरजींनी वाचलं, ह्या घरामुळे तुमच्यावर कोणकोणती संकटं आली? त्यांना वाटलं, आपण भोगलेलं सगळं सांगितलं की कोठी दोन दिवस आधी पडेल.

त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मी टाइप करत गेलो. कोठीची कबुतरं आमच्या धान्यावर येतात. हिवाळ्यात कोठीच्या सावलीने आमचे पापड वाळत नाहीत. घड्याळ सव्वानऊवर असल्याने जेवायची वेळ चुकते. रंगीत उजेडाने डोळे दुखतात. मग ते थांबले. छत्रीच्या टोकाने मातीत रेघा ओढत राहिले.

"अजून एक हाय," ते हळू म्हणाले. "माहं लगन झालं ना, तवा म्या नागपूरहून काया कोट शिवून आणला होता. असा कोट पांढुर्ण्यात कोणापाशी नोता. वरात घेऊन आलो दारात. अन् सारे वऱ्हाडी माना वर करून कोठी पाहून राहिले. 'का सज्जा हाय, का काच हाय!' माह्या कोटाकडे कुत्रं नाई पाहिलं." त्यांनी एक रेघ पायाने पुसली. "हिनं बी पदर सरकवून पयले कोठीच पाहिली. मंग माह्याकडे पाहिलं."

"मग तो काळा कोट?"

"पेटीत हाय. घालून दाखवाचा कोणाले?"

आता माझी कबुली. मथळा टाइप करायचा राहिला होता. माझी बोटं एक क्षण थांबली. मराठी आपत्तीची शेवटची वेलांटी लांब, हिंदीची आखूड. एका वेलांटीवर कोठी उभी राहणार की पडणार हे मला स्वच्छ दिसत होतं. दामोधरजींना सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण नागपूरच्या शेठने आपले सगळे कागद नागपूरहूनच इलेक्ट्रिक मशीनवर टाइप करून आणले होते. अक्षरं कशी छापल्यासारखी! ते कागद त्याने माझ्या नाकासमोरून कचेरीत नेले होते. मी आखूड वेलांटी मारली, 'आपत्ति-पत्र', आणि गप्प बसलो.

महिनाभराने श्रीकांत इंदूरहून आला तो तडक दामोधरजींच्या ओट्यावर.

"काका, तुम्ही आपत्ति घेतली?"

"घेतली नाई गा," दामोधरजी म्हणाले, "देल्ली."

साऱ्या गावातून आलेली ती एकच हरकत होती. पण एक असली तरी जागेवर येऊन सुनावणी घ्यावी लागते. त्यासाठी छिंदवाड्याहून एक साहेब आले. जबलपूरकडचे, मराठीचा गंध नसलेले. कोठीच्या अंगणात खुर्च्या टाकल्या. श्रीकांत, शेठ, दामोधरजी, आणि त्यांचा कागद समजावून सांगायला मी.

साहेब म्हणाले, "तो क्या आप अपनी आपत्ति वापस लेते हैं?"

"वापस?" दामोधरजी उडालेच. "साब, आपत्ति कोई वापस लेता है क्या? जनमभर हमने भोगी, अब तुम रखो!"

शेठने कपाळाला हात लावला. मी दामोधरजींच्या कानाशी वाकलो आणि जे अर्ज टाइप करतानाच सांगायचं होतं ते तेव्हा सांगितलं. आखूड वेलांटी म्हणजे हरकत, लांब वेलांटी म्हणजे संकट. तुमच्या कागदाचा अर्थ झालाय, कोठी पाडू नका.

त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "मंग तू काहून नाई सांगितलं बे?"

मी टाइपरायटरच्या फितीबद्दल काहीतरी बोललो.

"काका, काही बिघडलं नाही," शेठ घाईने म्हणाला. "वापस घेतो म्हणा, झालं. कोपऱ्याचं दुकान तुमचंच आहे."

दामोधरजी तोंड उघडणार, एवढ्यात साहेब उठले. आलोच आहे तर आधी इमारत बघून घेऊ, मग लिहू, असं त्यांचं म्हणणं पडलं. सगळे जिना चढायला लागले. दामोधरजी उंबऱ्याशी घुटमळले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी त्या घरात पाय ठेवला. जिन्याच्या कठड्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. वर एक खोली रिकामी, दुसरी रिकामी. भिंतीवर चौकटीचे फिके डाग. दामोधरजी लांब मान करून सगळीकडे बघत होते, आणि मला वाटतं, थोडे निराश होत होते. मग आम्ही सज्ज्यात आलो.

समोर त्यांचं स्वतःचं घर होतं.

वरून सगळं दिसत होतं. शेणाने सारवलेला ओटा, त्यावर खाट. मागच्या अंगणातलं लिंबाचं झाड लिंबांनी वाकलेलं. ते रस्त्यावरून कोणाला दिसत नसे. ड्रमवरची निळी पाटी उन्हात चमकत होती. काकू छपरावर कुरड्या घालत होत्या आणि काहीतरी पुटपुटत होत्या.

दामोधरजींनी कपाळावर हात धरून डोळे बारीक केले.

"आमचं घर दिसून राहिलं," ते म्हणाले.

"दिसणारच," श्रीकांत म्हणाला. तो चिडलेलाच होता, पण सांगताना त्याचा आवाज उतरला. "आई दिवसभर इथेच बसायची. बाबा वर्षातले दहा महिने नागपूरला. सकाळी तुमचा आणि काकूंचा चहा सुरू झाला, की ती खुर्ची ओढून घ्यायची. म्हणायची, आपल्या घरात बारा कप आहेत आणि पिणारी मी एकटी. त्या बाईला भांडायला माणूस आहे. फार जळायची तुमच्यावर."

दामोधरजींनी मान गर्रकन वळवली.

"कोण?"

"आई."

"जयत होती? माह्यावर?"

"तुमच्यावर, काकूंवर, त्या लिंबाच्या झाडावर."

"ह्या सज्ज्यात बसून?"

"हो म्हटलं ना, काका."

दामोधरजींनी दोन्ही हातांनी कठडा धरला. या वेळी चटका बसला नाही. त्यांनी छत्री काढून कठड्याची उंची मापली, स्वतःशीच मान हलवली, आणि पुन्हा आपल्या घराकडे बघितलं. जसं ते आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांकडे बघत आले तसंच. "मस्त हाय लेकाचं," ते पुटपुटले.

साहेबांनी पेन काढलं. "हाँ, तो बताइए. आपत्ति है या नहीं?"

शेठ म्हणाला, "काका, दुकान..."

मी खाली बघितलं. रस्त्याच्या कडेला रमेश नवा शर्ट घालून उभा होता. तो वर बापाकडेच बघत होता. दामोधरजींनी त्याला पाहिलं. मग साहेबांकडे न बघता माझ्याकडे वळून म्हणाले,

"आखूडवालीच राहू दे."

कोठी यादीत राहिली. शेठने बसस्टँडपाशी दुसरी जागा घेऊन तिथे कॉम्प्लेक्स बांधलं. श्रीकांतने कुलूप घातलं आणि गेला. जाताना तो दामोधरजींशी बोलला नाही, आणि त्यात त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. रमेश दोन महिने बापाच्या ताटाला ताट लावून बसला नाही. पानठेल्याचा आडोसा त्याला आणखी बरीच वर्षं पुरला. मी मारलेल्या वेलांटीचं हे मोल माझ्या खिशातून गेलं नाही, हे मी विसरत नाही. दामोधरजींनी मात्र मला त्याबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही. बळीरामजींच्या बाटलीचंही पुन्हा नाव काढलं नाही.

पुढे मी बिऱ्हाड छिंदवाड्याला हलवलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी निरोप घ्यायला गल्लीत गेलो. थंडीचे दिवस होते. कोठीला कुलूप, सज्ज्यात कबुतरं. समोर ओट्यावर दामोधरजी खाटेवर ताठ बसलेले. अंगात काळा कोट! बाह्या मनगटाच्या चार बोटं वर, खिशाशी कसरीने खाल्लेलं, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास रस्त्यापर्यंत आलेला. ऊन कललं होतं. लाल-हिरवे पट्टे कोटावर पडले होते आणि त्यांनी खाट हलवली नव्हती.

काकू कपबशी घेऊन दारात आल्या. "आत या, वारं सुटलं."

"आत नोको," दामोधरजी रिकाम्या सज्ज्याकडे बघून, कॉलर सारखी करत म्हणाले. "इथंच दे. अन् जरा भांड."